जमिनीत मुरलेल्या धातूचं काय करायचं?

मृद आरोग्य पत्रिकेवर बारा आकडे असतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक. जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन. शिवाय सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. फेब्रुवारी २०१५ मध्ये ही योजना सुरू झाली. तिच्या यादीत शिसं नाही, कॅडमियम, निकेल, क्रोमियम, पारा, आर्सेनिक नाही. तांबं आणि जस्त आहेत, पण ते कमी पडतात का एवढंच पाहण्यासाठी. जास्त झालेत का, हे विचारायला तिथे जागाच नाही. आणि मातीत जिवाणू-बुरश्या कितपत आहेत, असल्या तर कामाच्या आहेत का, याचा तर रकानाही नाही.

बहुतेक शेतकऱ्यांना त्यावाचून अडत नाही. पण तुमचं वावर कोराडी-खापरखेड्याच्या राखेच्या तलावांजवळ असेल, नाग नदीच्या पाण्यावर भिजत असेल, हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कारखान्यांच्या नाल्याला लागून असेल, सावनेर-रामटेकच्या मँगनीज खाणींच्या ढिगाऱ्याखाली असेल, किंवा काटोल-नरखेडकडे वडिलांच्या काळापासूनचा संत्र्याचा बगीचा असेल, तर पत्रिकेवर सगळं 'मध्यम' आणि 'भरपूर' येऊनही पीक का लागत नाही, याचं उत्तर त्या बारा आकड्यांच्या बाहेर असू शकतं.

धातू नेमकं काय करतो

युरिया फुटून त्याचा अमोनिया आणि पुढे नायट्रेट होतो तो जिवाणूंमुळे. पऱ्हाटीचा पाला कुजतो, तुरीच्या मुळांवर गाठी येतात, मातीला चिकटून बसलेलं स्फुरद सुटून मुळापर्यंत पोचतं, ही त्यांचीच कामं. यातल्या अनेक कामांना धातू लागतोसुद्धा. युरिया फोडणाऱ्या युरिएज या विकराच्या गाभ्यात निकेल असतं. हवेतलं नत्र बांधणाऱ्या विकरात लोह आणि मॉलिब्डेनम असतं. त्यामुळे धातूचं नाव ऐकून दचकायचं कारण नाही. प्रश्न किती आहे आणि कोणत्या रूपात आहे, याचा असतो.

मात्रा वाढली की तांबं, कॅडमियम, पारा, शिसं हे विकरांतल्या गंधकाला घट्ट चिकटतात आणि विकर निकामी होतात. पेशीचं आवरण फाटतं. काही जिवाणू मात्र धातू पेशीबाहेर उपसून टाकतात. बेल्जियममधल्या एका जस्त कारखान्याच्या टाकीत १९७६ मध्ये असा एक जिवाणू सापडला आणि पुढे तो जगभरच्या प्रयोगशाळांत अभ्यासला गेला. पण उपसा म्हटला की खर्च आला. खाल्लेल्या कर्बातला मोठा वाटा वाढीला न लागता नुसतं तगून राहण्यात जळतो. म्हणून अशा मातीत सूक्ष्मजीवांचं एकूण वजन घटतं आणि जे उरतात ते मात्र वजनाच्या मानाने जास्त कर्बवायू सोडतात. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर खत घातलं तरी मातीतल्या जिवाला त्याचं अंग लागत नाही. यात आणखी एक खोच आहे. धातू पचवणारी जनुकं बऱ्याचदा प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जनुकांच्या सोबतीने एका जिवाणूतून दुसऱ्यात जातात. त्यामुळे हा विषय नुसता शेतीपुरता राहत नाही.

हे नुकसान किती टिकतं? इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड संशोधन केंद्राच्या वोबर्न इथल्या शेतात १९४२ ते १९६१ या काळात शहरी सांडपाण्याचा गाळ खत म्हणून टाकला गेला. गाळ बंद होऊन वीस वर्षं उलटल्यावर ब्रूक्स आणि मॅकग्रा यांनी तिथली माती तपासली आणि १९८४ मध्ये निष्कर्ष छापले. शेणखत दिलेल्या वाफ्यांच्या तुलनेत गाळाच्या वाफ्यांत सूक्ष्मजीवांचं वजन जवळपास निम्मं होतं. त्याच वाफ्यांत पांढरा क्लोव्हर पेरला तर त्याच्या मुळांवर गाठी येत, पण त्या नत्र बांधत नसत. गाठी करणाऱ्या जिवाणूंपैकी धातू सोसणारा रायझोबियम शिल्लक राहिला होता, कामाचा गेला होता.

खापरखेड्याच्या राखेत काय उगवलं

आपल्याकडचा याच्या बरोबर उलटा, म्हणजे जीव परत आणण्याचा, प्रयोग नागपूरपासून वीसेक किलोमीटरवर झाला आहे आणि नागपुरातच तो फारसा कुणाला ठाऊक नाही. नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था १९५८ पासून नागपुरात आहे. तिथल्या आशा जुवारकर आणि हेमलता जांभुळकर यांनी खापरखेडा औष्णिक केंद्राच्या राखेच्या ढिगाऱ्यावर १० हेक्टर जागा घेतली. कोळशाच्या राखेत नत्र जवळजवळ नसतं, सेंद्रिय कर्ब नसतो, आणि लोह, मँगनीज, जस्त, निकेल, तांबं, क्रोमियम, शिसं, कॅडमियम हे सगळे असतात. त्या राखेत रायझोबियम, अ‍ॅझोटोबॅक्टर किंवा मुळांशी जोडी जमवणारी मायकोरायझा बुरशी व्यवहारात नव्हतीच.

त्यांनी हेक्टरी ५० टन शेणखत घातलं, त्या जागेला मानवणारे नत्र बांधणारे जिवाणू आणि मायकोरायझा सोडली, आणि मग झाडं लावली. २००८ मध्ये छापलेले आकडे असे: रायझोबियम एका ग्रॅममध्ये ७ कोटींच्या वर, अ‍ॅझोटोबॅक्टर ९ कोटींच्या वर, मायकोरायझाचे बीजाणू दहा ग्रॅममध्ये ३५. नत्र साडेचार पट, स्फुरद दहा पट वाढलं. राखेची पाणी धरायची क्षमता ४० टक्क्यांवरून ६२ टक्क्यांवर गेली. कॅडमियमची बाधा २५ टक्क्यांनी, तांब्याची ४६, निकेलची ४८ आणि शिशाची ४७ टक्क्यांनी उतरली. नुसत्या राखेतल्या मानवेल बांबूपेक्षा खत-जिवाणू दिलेला बांबू पंधरा पटींनी जास्त वाढला.

यातलं शेतकऱ्याने उचलायचं ते असं. धातू कुठे गेला नाही. शेणखतातल्या सेंद्रिय आम्लांनी त्याला धरून ठेवलं, मुळांच्या आणि जिवाणूंच्या हाती तो पूर्वीइतका लागेना. दुसरं म्हणजे क्रम. आधी खाद्य, मग जिवाणू. कृषी सेवा केंद्रातून जिवाणू खताची बाटली आणून कर्ब नसलेल्या, धातू असलेल्या जमिनीत ओतणं म्हणजे पैसे ओतणं. तिसरं, हेक्टरी ५० टन म्हणजे एकरी २० टन, सात-आठ ट्रॉल्या तरी. ती मात्रा पूर्ण मेलेल्या राखेसाठी होती. तुमच्या वावरात काही ना काही जीव शिल्लक असतोच, त्यामुळे एवढं एकदम घालण्यापेक्षा दरवर्षी एकरी दोन-तीन ट्रॉल्या चुकू न देणं जास्त उपयोगाचं. धातूला धरून ठेवणारा सेंद्रिय पदार्थ स्वतः कुजत जातो. तो संपला आणि नवा पडला नाही तर धातू पुन्हा मोकळा होतो.

याच ढिगाऱ्यावर आणखी एक गोष्ट दिसली. लावलेल्या झाडांपैकी कासोद, म्हणजे रस्त्याच्या कडेला पिवळ्या फुलांचं दिसणारं ते झाड, सगळे धातू इतरांपेक्षा जास्त ओढून घेत होतं. धुऱ्यावर किंवा पडीक राखेवर लावायला ते चांगलं. पण त्याचा पाला आच्छादनाला, कंपोस्टात किंवा बकऱ्यांना घालू नये. जमिनीतून काढलेला धातू तुम्हीच परत आणून टाकाल.

सावनेर तालुक्यात गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावरही नीरीने अशाच पद्धतीने सेंद्रिय गाळ आणि जिवाणू वापरून काम केलं आहे. खाणीशेजारी ज्यांची शेतं आहेत त्यांनी एवढं तरी करावं: ढिगाऱ्यावरून पावसात उतरणारं पाणी चर खोदून वावराबाहेर वळवावं. नव्याने येणारा धातू थांबल्याशिवाय बाकीचं सगळं वाया जातं.

संत्र्याच्या बगीच्यातलं तांबं

राख आणि नाले यांच्याकडे बोट दाखवणं सोपं आहे. आपण स्वतःच्या हाताने जो धातू टाकतो, त्याचा हिशोब कुणी मांडत नाही. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये द्राक्षांवरच्या केवडा रोगासाठी आलं, आणि आज डिंक्याने हैराण झालेल्या प्रत्येक संत्रा उत्पादकाच्या घरी आहे. औषध म्हणून त्यात काही वाईट नाही. पण मोरचुदात साधारण चौथा हिस्सा तांबं असतं आणि तांबं कुजत नाही, उडत नाही, काळ्या मातीत खालीही फारसं झिरपत नाही.

कागद घेऊन बसा. सहा बाय सहा मीटरवर एकरी ११० झाडं. झाडाला साडेचार लिटर धरलं तर एक टक्का बोर्डोचे ५०० लिटर, म्हणजे ५ किलो मोरचूद, म्हणजे सव्वा किलो तांबं. एका एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन ढोबळमानाने ९ लाख किलो. एका फवाऱ्यात किलोमागे जेमतेम दीड मिलिग्रॅम तांबं वाढलं. काहीच नाही! पण वर्षाला दोन फवारे आणि वीस वर्षं म्हटलं की पन्नास मिलिग्रॅमच्या वर गेलं, आणि तेही सगळीकडे सारखं पसरत नाही. ते घेराखाली ठिबकतं, जिथे पांढरी मुळं असतात नेमकं तिथे. युरोपीय संघाने २०१९ पासून हेक्टरी सात वर्षांत २८ किलो तांब्याची मर्यादा घातली आहे, सरासरी वर्षाला ४ किलो. आपल्या दोन फवाऱ्यांचा हिशोब हेक्टरी ६ किलोच्या वर जातो.

तांब्याला सर्वांत आधी बळी पडतात त्यांत गांडुळं आणि मायकोरायझा. संत्र्याचं मूळ बारीक केसाळ तंतूंच्या बाबतीत गरीब असतं, स्फुरद आणि जस्त उचलायला ते या बुरशीवर अवलंबून असतं. बगीच्यात पानं पिवळी पडतात, आपण जस्ताची कमतरता म्हणून झिंक सल्फेट फवारतो, आणि घेराखालची माती तशीच राहते.

मग डिंक्याचं काय करायचं? बोर्डोचा मलम खोडाला लावा, पावसाळ्याआधी आणि नंतर. झाडभर फवाऱ्यापेक्षा त्यात तांबं कितीतरी कमी जातं. कॉपर ऑक्सिक्लोराइडची आळवणी रोग प्रत्यक्ष दिसेल त्या झाडापुरती ठेवा, दरसालचा नेम म्हणून करू नका. ज्या बुरशीमुळे डिंक्या होतो ती फायटोफ्थोरा साचलेल्या पाण्यात फोफावते, म्हणून निचऱ्याचा चर आणि दुहेरी आळं या दोन गोष्टी मोरचुदाच्या पिशव्या वाचवतात. नवीन बगीचा लावत असाल तर जंबेरीपेक्षा रंगपूर लाईमचा खुंट घ्या, तो या रोगाला जास्त सोसतो. ट्रायकोडर्मा सोडायचा असेल तर तो तांब्याच्या औषधात कधीही मिसळू नका. शेणखतात वाढवून, मध्ये काही दिवसांचं अंतर ठेवून द्या. आणि पंप धुतलेलं पाणी रोज त्याच एका झाडाखाली ओतायची सवय सोडा. बगीच्यात विहिरीजवळचं एक झाड कायम रोगट असतं ते का, याचा विचार करून पाहा.

नदीचं पाणी, राख आणि घरामागची बाग

नाग नदी शहराचं सांडपाणी घेऊन पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी गोसेखुर्दच्या जलाशयापर्यंत जातं. शहराबाहेर या पाण्यावर पालक, मेथी, सांबार निघतो आणि भरभरून निघतो, कारण सांडपाण्यात नत्र-स्फुरद असतं. इथे फसगत होते. सांडपाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांमुळे जिवाणूंची नुसती संख्या मोजली तर ती भरपूर भरते आणि माती एकदम सशक्त वाटते. धातूचा परिणाम संख्येपेक्षा कामावर आधी दिसतो: गाठी बांधणारे, अमोनियाचं नायट्रेट करणारे हे नाजूक गट आधी मागे पडतात. म्हणून अशा वावरात संख्येच्या अहवालावर विसंबू नका.

पालेभाज्या धातू सर्वांत जास्त उचलतात, फळभाज्या आणि शेंगा त्या मानाने कमी. नदीच्या पाण्याला पर्याय नसेल तर पालेभाजी सोडून झेंडू किंवा कपाशीकडे वळणं शहाणपणाचं. फक्त सरकीची ढेप घरच्या गाईला घालण्याआधी तपासून घ्या. शहरी कंपोस्ट किंवा गाळ कुणी फुकट आणून टाकत असेल तर आधी तपासणीचा कागद मागा. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टासाठी किलोमागे मिलिग्रॅममध्ये मर्यादा दिल्या आहेत: कॅडमियम ५, क्रोमियम ५०, निकेल ५०, शिसं १००, तांबं ३००, जस्त १०००, आर्सेनिक १०, पारा ०.१५. कागद नसेल तर ट्रॉली परत पाठवा.

राखेचं प्रकरण वेगळं. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीत कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बांध फुटला आणि चिखल शेतांत शिरला. पुन्हा असं झालं तर पंचनामा होईपर्यंत राखेला हात लावू नका, फोटो तारखेसह ठेवा. त्यानंतर जाड थर असेल तर थोडा ओलसर असतानाच खरडून बाहेर काढा. नांगरून खाली घालण्याची घाई करू नका, कारण वरची इंचभर राख उचलता येते, नऊ इंचात मिसळलेली येत नाही. तपासणीत धातूंसोबत बोरॉन आणि क्षारताही मागा; राखेत पीक बसतं ते कधी कधी त्यांच्यामुळे.

घरामागच्या बागेत शिसं येतं ते जुन्या रंगाच्या खपल्यांतून आणि रस्त्याकडेच्या मातीतून. देशभर शिसेयुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं आणि घरगुती रंगांत शिशाची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमवर आली, पण आधीचं शिसं जिथे पडलं तिथेच आहे. जुन्या वस्तीत राहत असाल तर भाजी कुंड्यांत किंवा पिशव्यांत लावा, भिंतीलगत नको.

घरच्या घरी आणि प्रयोगशाळेत

पेरणीनंतर चाळीसेक दिवसांनी सोयाबीन किंवा तुरीची चार-पाच रोपं मातीच्या ढेकळासकट उपटा, मुळं हळूच धुवा. गाठी नखाने चिरा. आत गुलाबी-लालसर असेल तर नत्र बांधणं सुरू आहे. पांढरट किंवा हिरवट निघाल्या तर गाठी आहेत पण काम नाही, अगदी वोबर्नसारखं. दुसरी परीक्षा सुती कापडाची. शंभर टक्के सुती, न रंगवलेल्या कापडाच्या पट्ट्या पावसाळ्यात दहा-पंधरा सेंटिमीटर खोल पुरा, काही संशयित वावरात आणि तेवढ्याच शेजारच्या चांगल्या वावरात. दीड-दोन महिन्यांनी काढा. एकीकडे चिंध्या आणि दुसरीकडे पट्टी जवळपास अख्खी, तर काहीतरी बिघडलं आहे. धातूच असेल असं नाही. कोरडेपणा, क्षार, नत्राची टंचाई यांनीही कापड टिकतं. पण प्रयोगशाळेला पैसे द्यायचे की नाही, हे ठरवायला ही पट्टी पुरते.

नमुना पीक निघाल्यावर, उन्हाळ्यात घ्या. लोखंडी गंजकी कुदळ आणि जस्ताच्या पत्र्याची बादली टाळा, त्यांचा धातू नमुन्यात उतरतो. लाकडी खुरपं आणि प्लास्टिकची पाटी वापरा. बगीच्यात घेराखालचा नमुना वेगळा आणि दोन ओळींमधला वेगळा. प्रयोगशाळेला दोन गोष्टी मागा: एकूण धातू आणि डीटीपीए पद्धतीने उपलब्ध धातू. हा फरक आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. काळी कन्हार आणि मोरंड जमीन बेसाल्टपासून झालेली असल्याने तिच्यात निकेल, क्रोमियम, तांबं मुळातच जास्त असतं, पण चिकणमाती आणि सामू आठच्या आसपास असल्याने ते बांधलेलं असतं. एकूण आकडा पाहून घाबरू नका. बरडी जमिनीत उलट, एकूण आकडा लहान असूनही उपलब्ध भाग मोठा असू शकतो.

याच कारणाने चुना कुठे घालायचा ते ठरतं. आम्लधर्मी बरडीत किंवा खाणीच्या मातीत चुन्याने बहुतेक धातू बसतात. काळ्या जमिनीत चुन्याची गरजच नसते, आणि आर्सेनिक किंवा षट्संयोजी क्रोमियमचा संशय असेल तर चुना घालूच नका. सामू वाढला की हे दोघे अधिक मोकळे होतात. मौदा-रामटेककडच्या धानाच्या बांधीत आणखी एक पेच आहे. पाणी सतत उभं ठेवलं तर कॅडमियम दबतं पण आर्सेनिक आणि मँगनीज सुटतं. तिथे कोणता धातू आहे हे कळल्याशिवाय पाण्याचा सल्ला देता येत नाही.

बीजप्रक्रियेचा क्रमही सांभाळा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि शेवटी, सावलीत, जिवाणू खत. बाधित वावरात जिवाणू खताची मात्रा थेट बियाण्याला लावण्यासोबत थोडी शेणखतात मिसळून तासातही द्या. दोन हंगामांनी गाठी पुन्हा चिरून पाहा, आणि त्याच जागच्या मातीचा डीटीपीए आकडा पहिल्या कागदाशेजारी लिहून ठेवा.